पानक, परवाना आणि पेला : उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसराच्या संदर्भात घरगुती पेयमिश्रणाचा इतिहास

प्रस्तावना

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके ओळीने येतात. मुंबईच्या कारखान्यांत व कार्यालयांत काम करणारा मोठा वर्ग या परिसरात राहतो. यांपैकी काही घरांत सुटीच्या संध्याकाळी पाहुण्यांसाठी मद्यात लिंबू, कोकम, आले, पुदिना, सोडा व बर्फ मिसळून निरनिराळी पेये तयार केली जातात. अशा पेयांना ‘कॉकटेल’ ही संज्ञा रूढ झाली असून, हा छंद पाश्चात्त्य जीवनशैलीचे अनुकरण होय, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याच परिसरातील डोंगरपायथ्याच्या पाड्यांवर एखाद्या घरी मोहाच्या फुलांची दारू गाळली गेली, तर तिच्याकडे मात्र गुन्हा म्हणून पाहिले जाते.

एकाच तालुक्यातील दोन घरांत घडणाऱ्या या कृतींकडे पाहण्याच्या दृष्टीत एवढा फरक का पडला, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासात पेयांचा विचार बहुधा चवीच्या अंगाने होतो, तर दारूबंदीच्या अभ्यासात तो महसूल व नीतिमत्ता यांच्या अंगाने होतो. या दोहोंच्या मधला दुवा म्हणजे घर होय. घरात काय मिसळावे, कोणी मिसळावे आणि कशाच्या आधारे मिसळावे, हे ठरविण्यात राज्यसंस्थेचा वाटा रुचीइतकाच, किंबहुना काही काळ रुचीपेक्षाही अधिक राहिला आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

प्राचीन व मध्ययुगीन आधार

घरगुती मद्यनिर्मितीवर राज्याचे नियंत्रण असावे ही कल्पना ब्रिटिशांनी आणलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाच्या कर्तव्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु अशा मद्यप्रकारांचे घटक सांगितले असून आंब्याच्या रसापासून होणाऱ्या सुरेचाही उल्लेख येतो. विशेष म्हणजे, घरातील मंगलकार्याच्या प्रसंगी कुटुंबवत्सल गृहस्थांना पांढरी सुरा, तसेच औषधासाठी अरिष्ट तयार करण्याची मुभा दिली आहे. उत्सव, समाज व यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची सवलत देण्याचेही विधान आहे. म्हणजेच विक्रीचा अधिकार राज्याकडे आणि प्रसंगपरत्वे निर्मितीची सूट कुटुंबाकडे, अशी विभागणी या ग्रंथाने मान्य केली होती.

मद्यविरहित पेयमिश्रणाची परंपरा तर याहून अखंड आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात पानकांचा विचार आला आहे. आंबट फळांचा रस, गोडी, सुगंध व थंड पाणी यांचा मेळ हे पानकाचे सूत्र होय. मराठी घरातील ‘पन्हे’ हा शब्द या ‘पानका’शीच नाते सांगतो. कोकणात कैरीच्या जोडीने कोकमानेही ही जागा घेतली.

ज्या परिसराचा येथे विचार चालला आहे, तो याच काळात उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या अमलाखाली होता. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ (इ. स. १०६०) चा शिलालेख शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकिर्दीतील आहे. पुढे बाराव्या शतकात याच घराण्यातील अपरादित्याच्या नावे याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘अपरार्क’ ही विख्यात टीका लिहिली गेली. याज्ञवल्क्यस्मृती सुरापानाची गणना महापातकांत करते आणि टीकाकार त्याच्या प्रायश्चित्ताची चर्चा करतो. एका बाजूला राजविलासाचा भाग म्हणून पेयांचे कौतुक आणि दुसऱ्या बाजूला धर्मशास्त्राचा निषेध, ही दुहेरी भूमिका दख्खन व कोकणात अशा रीतीने बाराव्या शतकातच स्पष्ट दिसते. यातील निषेधही सर्वांना सारखा नव्हता. वर्ण आणि मद्याचा प्रकार यांनुसार त्याची तीव्रता बदलत असे.

पाच घटकांचा ‘पंच’

पाश्चात्त्य मिश्र मद्यांच्या इतिहासाचा आरंभ बहुतेक अभ्यासक ‘पंच’ या पेयापासून करतात. इंग्रजीत या शब्दाची पहिली नोंद १६३२ मधील असून ती ईस्ट इंडिया कंपनीशी संबंधित पत्रव्यवहारात सापडते. १६३८ मध्ये सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो यानेही अशा पेयाचा उल्लेख केला आहे. १६७२ नंतर मुंबई, सुरत व दख्खन येथे वावरलेला वैद्य जॉन फ्रायर याने हे नाव ‘पाच’ या अर्थाच्या हिंदुस्थानी शब्दावरून आले असून पेयात पाच घटक असतात, असे नोंदविले. त्याने ही माहिती गोव्यातील नेरूळ येथील उत्तम अरकाच्या संदर्भात दिली आहे. ही व्युत्पत्ती सर्वांनी स्वीकारलेली नाही. काही कोशकारांनी उच्चाराच्या आधारे तिच्याविषयी शंका घेतली आहे. शब्दाचे मूळ काहीही असले, तरी अरक, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला या घटकांपैकी एकही युरोपातून आणावा लागत नव्हता, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

या सूत्राची पानकाशी तुलना केल्यास साम्य सहज ध्यानात येते. आंबट, गोड, सुगंधी आणि थंड या चार अंगांत माडाच्या वा ताडाच्या अरकाची भर पडली की पानकाचा पंच होतो. तथापि पानकापासूनच पंच निघाला, असे थेट अनुमान काढणे घाईचे ठरेल. पश्चिम किनाऱ्यावरील घरगुती पेयपद्धती आणि युरोपीय दर्यावर्दींची गरज यांचा तो संगम असावा, एवढे म्हणता येते. ‘कॉकटेल’ या संज्ञेची प्रसिद्ध व्याख्या न्यूयॉर्क राज्यातील एका वृत्तपत्रात १८०६ मध्ये छापली गेली. तीत मद्य, साखर, पाणी व कडू अर्क असे चार घटक होते. जेरी थॉमस याचे मिश्र मद्यांवरील पुस्तक १८६२ मध्ये प्रसिद्ध झाले. पश्चिम भारतातील पंच त्याआधी दोन शतकांहून अधिक काळ ज्ञात होता. म्हणून आज बदलापूरच्या एखाद्या घरात लिंबू, साखर व मसाला मद्यात मिसळणारी व्यक्ती परकीय विद्या गिरवीत आहे, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

आबकारी व्यवस्था आणि मोहाचे फूल

एकोणिसाव्या शतकात या सूत्रातील मुख्य घटक, म्हणजे मद्य, घराच्या कक्षेबाहेर नेला गेला. ठाणे जिल्ह्यात माडापासून माडी, ताडापासून ताडी आणि शिंदीच्या झाडापासून शिंदी काढली जाई. भंडारी समाजाचा हा पिढीजात व्यवसाय होता. डोंगराळ भागातील ठाकूर, कातकरी, वारली इत्यादी आदिवासी जमातींत मोहाच्या फुलांचे मद्य विवाह, देवकार्य व सण यांच्याशी निगडित होते. मोहाचे फूल हे केवळ मद्याचे साधन नव्हते. टंचाईच्या काळात ते अन्न म्हणूनही उपयोगी पडत असे.

१८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने मद्यनिर्मिती व विक्री यांवरील सरकारी नियंत्रण दृढ केले. ठरावीक ठिकाणी मद्य गाळणे, त्यावर कर बसविणे आणि विक्रीचे मक्ते देणे अशी ही व्यवस्था होती. मात्र फूल जंगलात उपलब्ध असेपर्यंत घरगुती गाळप थांबणे शक्य नव्हते. म्हणून १८९२ मध्ये मोहाच्या फुलांविषयी स्वतंत्र कायदा करण्यात आला आणि ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत फुलांचा साठा व व्यापार यांवर निर्बंध घालण्यात आले. त्या वेळी अंबरनाथ व बदलापूर ही गावे ठाणे जिल्ह्याच्या कल्याण तालुक्यात मोडत होती.

दक्षिण गुजरातच्या संदर्भात डेव्हिड हार्डिमन यांनी आणि ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात इंद्रा मुन्शी सालढाणा यांनी या प्रक्रियेचा अभ्यास केला आहे. रूढीचे गुन्ह्यात रूपांतर कसे झाले, हे त्यातून स्पष्ट होते. येथे एवढेच अधोरेखित करावयाचे आहे की, अर्थशास्त्राने गृहस्थाला प्रसंगपरत्वे दिलेली सूट वसाहतकालीन व्यवस्थेने काढून घेतली. घराकडे लिंबू, साखर व मसाला उरला. मद्य मात्र दुकानातून आणावयाची वस्तू झाली.

१९४९ : एका नगराचा व एका कायद्याचा आरंभ

मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने सुरू केला, डॉ. एम. डी. डी. गिल्डर हे त्यातील संबंधित मंत्री होते. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्याने तो प्रयोग पुढे टिकला नाही. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ संमत झाला आणि १६ जून १९४९ पासून अमलात आला. एप्रिल १९५० मध्ये राज्यभर संपूर्ण दारूबंदी लागू झाली. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मधील मार्गदर्शक तत्त्वाने या धोरणास आधार दिला.

याच उन्हाळ्या-पावसाळ्यात कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे रूप पालटत होते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे १ लाख निर्वासितांची वस्ती तेथील पाच कॅम्पांत झाली होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. दारूबंदी कायदा अमलात येणे आणि नगराचे नामकरण होणे यांत दोन महिन्यांचेही अंतर नाही. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. परंतु उल्हासनगरच्या सामाजिक जीवनाची पहिली दोन दशके कडक दारूबंदीच्या छायेत गेली, हा त्यांचा परिणाम मात्र दुर्लक्षिता येत नाही.

सिंधी कुटुंबांनी आपल्याबरोबर पेयांची स्वतःची परंपरा आणली होती. खसखस, बदाम, बडीशेप, वेलची, काळी मिरी व गुलाबपाकळ्या वाटून दुधात मिसळलेले ‘थाधल’ हे त्यातील प्रमुख पेय. चेटीचंडला गोड भाताबरोबर शरबत वाटण्याची रीत आजही पाळली जाते. महाशिवरात्रीला थाधल करण्याची सिंधी प्रथा आणि त्याच दिवशी अंबरनाथच्या शिवमंदिरात भरणारी यात्रा यांमुळे दोन परंपरा एका परिसरात शेजारी आल्या. पानक आणि थाधल ही एकाच विचाराची दोन रूपे आहेत : घटक घरातले, वाटण घरातले आणि वाटपही घरातूनच.

दारूबंदीला न्यायालयात आव्हान देणारा खटला ‘मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा’ या नावाने प्रसिद्ध आहे. बलसारा यांच्या मागणीत व्हिस्की, ब्रँडी, वाइन व बिअर यांबरोबरच औषधी वाइन व ओ-द-कलोन यांचाही समावेश होता. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मुख्य भाग वैध ठरविला. मात्र मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील निर्बंध अवैध ठरविले. परिणामी घरातील औषधाची बाटली कायद्याच्या दृष्टीने संदिग्ध वस्तू बनली. १९५९ च्या दुरुस्तीने रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०.०५ टक्क्यांपेक्षा कमी नसल्यास, आपण औषधच घेतले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर टाकली. घरातल्या पेल्यात काय होते, याचा निवाडा आता प्रयोगशाळेत होऊ लागला.

परवाना आणि घराची नवी व्याख्या

कायद्याने संपूर्ण निषेधाबरोबर अपवादाचीही तरतूद केली होती. प्रकृतीच्या कारणास्तव वा अन्य विहित आधारावर परवाना मिळे आणि त्यावर ठरावीक ‘युनिट’ इतके विदेशी मद्य खरेदी करता येई. वैद्यकीय प्रमाणपत्र, अर्ज व शुल्क या मार्गाने जाण्याची क्षमता ज्यांच्याकडे होती, त्यांनाच ही वाट खुली होती. त्यामुळे ‘घरी बसून पिणे’ ही परवानाधारकाची सोय ठरली, तर पाड्यावर वा चाळीत पिणे हे पोलिसांच्या कक्षेत आले. मराठी शहरांच्या भाषेत रुळलेला ‘परमिट रूम’ हा शब्द याच व्यवस्थेची खूण आहे.

१९६० च्या दशकापासून हे धोरण टप्प्याटप्प्याने सैल होत गेले. केंद्र सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती टेकचंद समितीने १९६३-६४ मध्ये दारूबंदीच्या अंमलबजावणीचा व अवैध मद्यनिर्मितीचा आढावा घेतला होता. १९७३ च्या महाराष्ट्र देशी मद्य नियमांनी देशी दारूच्या परवानाधारक निर्मितीस व विक्रीस चौकट दिली. कायदा मात्र रद्द झाला नाही. त्याच्या नावातील ‘मुंबई’ची जागा पुढे ‘महाराष्ट्र’ने घेतली, तरी परवान्याचे तत्त्व कायम आहे. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात राज्य शासनाने मद्य घरपोच देण्यास परवानगी दिली, तेव्हाही ती परवानाधारकांपुरतीच होती. सत्तर वर्षांपूर्वी आखलेली ‘परवाना असलेले घर’ ही कल्पना त्या वेळी पुन्हा ठळकपणे समोर आली.

मिश्रणाचे दोन हेतू

पेयमिश्रणामागे दोन भिन्न हेतू संभवतात. पहिला हेतू चव खुलविण्याचा, दुसरा दोष झाकण्याचा. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात निकृष्ट मद्याचा वास व जळजळ झाकण्यासाठी फळांचे रस व मध यांचा वापर वाढला, असे अनेक इतिहासकार सांगतात. महाराष्ट्रातही हातभट्टीच्या दारूला गूळ, नवसागर व फळांच्या साली यांची जोड मिळत असे. पुढे परवानाधारक देशी दारू संत्रा, मोसंबी अशा स्वादांच्या नावांनी विकली जाऊ लागली. अशा एका देशी दारूच्या नावात ‘पंच’ हा शब्दही आढळतो. तीन शतकांपूर्वी किनाऱ्यावरून परदेशी गेलेला शब्द अशा प्रकारे श्रमिकांच्या गुत्त्यात परत आला.

दोष झाकणारे मिश्रण कोठपर्यंत जाऊ शकते, हे जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे दिसून आले. मिथेनॉलयुक्त दारू प्यायल्याने तेथे १०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मिथेनॉल हे रासायनिक उद्योगातील आवश्यक द्रव्य आहे. रंग व वास यांवरून ते पिण्याच्या मद्यार्कापासून वेगळे ओळखता येत नाही. शरीरात त्याचे रूपांतर प्रथम फॉर्माल्डिहाइडमध्ये व नंतर फॉर्मिक आम्लात होते. त्यामुळे दृष्टी जाते आणि प्राणही जातो. लिंबू, साखर, मसाला वा बर्फ यांपैकी कशानेही हे विष उतरत नाही. अंबरनाथ व बदलापूर यांसारख्या रासायनिक कारखान्यांच्या परिसरात ही माहिती केवळ अभ्यासापुरती राहता कामा नये.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. मालवणीसारख्या सामूहिक मृत्यूंचे कारण मोहाच्या फुलांचे घरगुती गाळप हे नव्हते. औद्योगिक मिथेनॉल अवैध व्यापाराच्या साखळीतून पेयात शिरणे हे होते. परंतु सामान्य बोलण्यात आणि प्रशासकीय नोंदीतही दोहोंना ‘गावठी’ या एकाच शब्दाने संबोधले जाते. स्वतःच्या कुटुंबासाठी, ज्ञात फुलापासून केलेले मद्य आणि अनोळखी पिंपातून विक्रीसाठी आलेले द्रव यांतील अंतर त्यामुळे पुसले जाते. अर्थात घरगुती गाळप निर्धोक आहे, असाही याचा अर्थ नाही. व्यसनाचा आर्थिक व शारीरिक भार या पाड्यांवरील स्त्रियांनी सोसला आहे आणि दारूविरोधी चळवळीत त्या अग्रभागी राहिल्या आहेत. त्यांचा विरोध व राज्याचा महसुली निषेध यांची प्रेरणा मात्र वेगवेगळी आहे.

वारशाचा दर्जा कोणाला?

अलीकडच्या काळात स्थानिक मद्यांना ‘वारसा’ म्हणून प्रतिष्ठा मिळू लागली आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा शासनाने तिला वारसा मद्याचा दर्जा दिला. महाराष्ट्रात २०२१ मध्ये मोहफुलांचे संकलन व वाहतूक यांवरील निर्बंध दूर करण्याचा निर्णय झाला. मोहापासून तयार केलेले बाटलीबंद मद्य आता शहरी घरांतील कॉकटेलमध्येही वापरले जाऊ लागले आहे. ज्या फुलासाठी १८९२ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, त्याचा अर्क आज उंची पेल्यात कोकम व लिंबाबरोबर मिसळला जातो. फूल वेचणाऱ्या घराला मात्र ते गाळण्याचा अधिकार अद्याप मिळालेला नाही. वारसा मान्य झाला. वारस मात्र बाहेरच राहिला.

निष्कर्ष

१) आंबट, गोड, सुगंधी व थंड यांच्या मेळातून पेय सिद्ध करण्याची घरगुती परंपरा कोकण व दख्खनमध्ये किमान मध्ययुगापासून दिसते. कॉकटेलचा छंद या परंपरेला सर्वस्वी परका नाही.

२) १८७८ व १८९२ च्या कायद्यांनी पेयातील मद्य हा घटक घराच्या अधिकारातून काढून राज्य व मक्तेदार यांच्या हाती दिला. १९४९ च्या अधिनियमाने तो परवान्याच्या रूपाने निवडक घरांना परत केला.

३) उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसरात सिंधी निर्वासित, मराठी नोकरवर्ग, कारखान्यांतील कामगार आणि आदिवासी हे चारही घटक एकाच कायद्याखाली, पण त्याच्या वेगवेगळ्या बाजूंस राहिले. त्यामुळे एका घरातील छंद दुसऱ्या घरात अपराध ठरला.

४) मिश्रणाची सुरक्षितता पाककृतीवर अवलंबून नसून मूळ मद्याच्या ज्ञात उगमावर अवलंबून असते. हा उगम जाणून घेण्याची सोय आजही परवाना व पैसा असणाऱ्यांनाच अधिक आहे.

घरगुती पेयमिश्रणाचा इतिहास लिहिताना केवळ पाककृतींची जंत्री पुरेशी ठरत नाही. पेल्यातील लिंबू कोठून आले हे कोणी विचारीत नाही. मद्य कोठून आले आणि ते कोणत्या घरात ओतले गेले, यावर मात्र दीड शतकापासून माणसाची प्रतिष्ठा ठरत आली आहे. थाधल, पन्हे, मोहाची दारू आणि कॉकटेल यांचा विचार एकाच चौकटीत केल्यास या परिसराच्या सामाजिक इतिहासातील हे असमान नाते अधिक स्पष्ट होईल.